‘आमची’ म्हणजे वैद्य

२०१८ सालची पद्मश्रीची यादी जाहीर झाली तेव्हा वैद्यकक्षेत्रातल्या नावांमध्ये मराठी वाचकाची नजर साहजिकच गडचिरोलीच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यावर थांबली. कर्नाटकात आनंद होता तो सुलगित्ती नरसम्मांचा. कन्नडमध्ये सुलगित्ती म्हणजे सुईण, आणि पावगड भागातल्या या निरक्षर बाईंनी हजारो बाळंतपणे मोबदला न घेता पार पाडली होती. त्याच यादीत हिमाचल प्रदेशापुढे डॉ. येशी धोंडेन हे नाव होते. ते तिबेटी वैद्य, बौद्ध भिक्षू आणि निर्वासित. सन्मान झाला तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती आणि भारतात येऊन एकोणसाठ वर्षे होत आली होती.

त्याच वर्षी १० ऑगस्टला बेंगळुरूत तिबेटी निर्वासितांनी कर्नाटकाचे जाहीर आभार मानण्याचा समारंभ केला. दलाई लामा त्याला उपस्थित होते. राज्याने दिलेल्या जमिनीबद्दल आणि आसऱ्याबद्दल ही कृतज्ञता होती. भारतातल्या तिबेट्यांच्या सर्वांत मोठ्या वसाहती कर्नाटकात आहेत, त्यामुळे हा कार्यक्रम बेंगळुरूत होणे योग्यच होते. धरमशालेत राहिलेल्या धोंडेनांचे काम समजून घ्यायचे तर या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्या लागतात. एकीकडे आसरा देणाऱ्या देशाने निर्वासित वैद्याचा गौरव केला, दुसरीकडे निर्वासितांनी त्या देशाचे ऋण उघडपणे मान्य केले. त्याआधीच्या जवळपास साठ वर्षांत जे घडले ते दवाखान्यांतून घडले, आणि त्यातला एक दवाखाना बेंगळुरूत आहे.

तिबेटी भाषेत वैद्याला ‘आमची’ म्हणतात. शब्द मूळचा मंगोल आहे. मराठी कानाला तो आपल्या घरातला वाटतो आणि या कहाणीपुरता तो अर्थही चुकीचा ठरत नाही.

धोंडेनांचा जन्म १९२७ सालचा, ल्हासाच्या दक्षिणेकडच्या ल्होका प्रांतातल्या नामरो गावचा. सहाव्या वर्षी ते गावाजवळच्या मठात दाखल झाले आणि अकराव्या वर्षी वैद्यक शिकण्यासाठी ल्हासाला गेले. राजधानीत तेव्हा या शिक्षणाची दोन मोठी केंद्रे होती. चाकपोरी टेकडीवरचे विद्यालय १६९६ साली देसी सांग्ये ग्यात्सो यांनी स्थापले होते. शहरातली मेन-त्सी-खांग ही वैद्यक आणि ज्योतिषाची संस्था तेराव्या दलाई लामांनी १९१६ साली काढली होती. शिक्षणाचा पाया पाठांतराचा होता. ‘ग्यूशी’, म्हणजे चार तंत्रे, हा या वैद्यकाचा मूलग्रंथ. त्यात १५६ अध्याय आणि सुमारे ५९०० श्लोक आहेत, आणि त्याचे मोठे भाग विद्यार्थ्याने गुरूसमोर न अडखळता म्हणून दाखवायचे असतात. घोकंपट्टी म्हणून या पद्धतीला नावे ठेवणे सोपे आहे. पण १९५९ साली याच पाठांतराने एक शास्त्र वाचवले.

त्या वर्षीच्या मार्चमध्ये ल्हासात चिनी राजवटीविरुद्ध उठाव झाला. १७ मार्चच्या रात्री दलाई लामांनी शहर सोडले आणि ३१ मार्चला ते भारताच्या हद्दीत आले. पाठोपाठच्या गोळीबारात चाकपोरीचे विद्यालय उद्ध्वस्त झाले. सुमारे ऐंशी हजार तिबेटी हिमालय ओलांडून आले. पोथ्या, औषधांचे साठे, वनस्पतींची चित्रे, उपकरणे असे सगळे मागे राहिले. ज्या वैद्याच्या डोक्यात ग्रंथ होता तोच काय तो घेऊन येऊ शकला. बत्तीस वर्षांचे धोंडेन त्यांपैकी एक.

आसामातल्या मिसामारीला सरकारने बांबूच्या झोपड्यांची छावणी उभारली होती, उत्तर बंगालात बक्साला दुसरी. बारा-तेरा हजार फुटांवरच्या थंड, कोरड्या हवेत वाढलेली माणसे लोकरीचे जाड झगे घालून मे महिन्याच्या दमट उकाड्यात उतरली. त्यांना पाणी उकळून पिण्याची सवय नव्हती, कारण वरती त्याची गरजच पडत नसे. हगवण, ताप आणि त्वचारोग आले. सर्वांत चिवट ठरला तो क्षय. विरळ वस्तीच्या पठारावर ज्या रोगाशी फारसा संबंध आला नव्हता, तो एका झोपडीत दाटीने झोपणाऱ्या अर्धपोटी माणसांमध्ये झपाट्याने पसरला. पुढे हीच माणसे हिमाचलात रस्त्यांच्या कामावर खडी फोडायला गेली आणि रोग त्यांच्याबरोबर तंबूंतून फिरला. भारतातल्या तिबेटी समाजात क्षयाचे प्रमाण पुढेही कैक दशके देशाच्या सरासरीहून बरेच जास्त राहिले. अशा वेळी आपल्या भाषेत ‘कुठे दुखते’ विचारणारा वैद्य मिळणे ही किती मोठी गोष्ट असेल, हे परमुलखात आजारी पडलेल्या कोणालाही कळेल.

दलाई लामा १९६० साली धरमशालेला आले. २३ मार्च १९६१ रोजी तिथे मेन-त्सी-खांगची पुनर्स्थापना झाली आणि ती उभी करण्याचे काम धोंडेनांवर आले. ल्हासाच्या शिस्तीत शिकलेले वैद्य तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. धोंडेन रुग्ण तपासत, औषधे तयार करत आणि पाठ असलेले ग्रंथ नव्या मुलांकडून पाठ करून घेत. शिवाय १९८०पर्यंत, जवळपास दोन दशके, ते दलाई लामांचे वैद्य होते. ही मुले शिकून तयार झाली नसती तर पुढच्या वसाहतींना वैद्य मिळालाच नसता. त्यामुळे त्यांच्या सेवेतला सर्वांत टिकाऊ भाग कोणता, याचे उत्तर रुग्णांच्या रांगेपेक्षा वर्गात सापडते.

औषधांचा प्रश्न वेगळा होता, आणि मराठी वाचकाला त्यात ओळखीच्या खुणा सापडतील. तिबेटी वैद्यकात औषधांचा राजा मानले जाते ते ‘अरुरा’, म्हणजे आपला हिरडा. भैषज्यबुद्धाच्या मूर्तीत आणि चित्रांत त्याच्या उजव्या हाती असते ती हिरड्याचीच डहाळी. अरुरा, बरुरा आणि क्युरुरा हे त्रिकूट म्हणजे हिरडा, बेहडा, आवळा: आपला त्रिफळा. पण तिबेटच्या पठारावर हिरडा उगवत नाही. तो शतकानुशतके व्यापाऱ्यांच्या पाठीवरून हिमालय ओलांडून जात होता. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत आजही लोक बाळहिरडा गोळा करून विकतात, त्याच जातीच्या झाडाचे फळ ल्हासाच्या औषधशाळेत सर्वांत मानाचे होते. निर्वासित वैद्य असा हिरड्याच्या मुलखात आला, पण बर्फरेषेजवळच्या वनस्पती मात्र त्याला दुरावल्या. निळी खसखस, कुटकी, उंचावरचे वत्सनाभ हे सगळे हिमाचलाच्या वरच्या दऱ्यांत, लाहौल-स्पितीत आणि लडाखात नव्याने शोधावे लागले. वैद्य आणि विद्यार्थी दर उन्हाळ्यात वनस्पती गोळा करायला डोंगरात जाऊ लागले.

ग्रंथातही अशाच ओळखीच्या खुणा आहेत. वाग्भटाचे ‘अष्टांगहृदय’ ११व्या शतकात अनुवादक रिन्चेन झांग्पो यांच्या काळात तिबेटीत गेले आणि ग्यूशीवर त्याची दाट छाया आहे. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात अण्णा मोरेश्वर कुंटे आणि कृष्णशास्त्री नवरे यांनी ज्या वाग्भटाची आवृत्ती सिद्ध केली, तोच वाग्भट ल्हासाच्या विद्यार्थ्याच्या अभ्यासामागे उभा होता. वात, पित्त, कफ यांना तिथे लुंग, त्रिपा, बेकेन म्हणतात. सगळेच इथून गेले असे मात्र नव्हे. वाग्भटात नाडीपरीक्षा नाही. तिबेटी नाडीशास्त्रावर चिनी वैद्यकाचा ठसा आहे आणि काही भाग मध्य आशियातून आलेला आहे. आपल्याकडेच सगळे होते असे म्हणण्याचा मोह अशा वेळी होतो, पण तो या शास्त्रावर अन्याय करणारा आहे.

कर्नाटकातला अध्याय १९६०च्या अखेरीस सुरू झाला. निर्वासितांना वसवण्यासाठी जमीन देण्याचे आवाहन पंडित नेहरूंनी राज्यांना केले होते. सर्वांत मोठा प्रतिसाद तत्कालीन म्हैसूर राज्याने दिला. पेरियापट्टण तालुक्यात बायलकुप्पे इथे सुमारे ३००० एकर जंगलजमीन मिळाली. या मदतीसाठी दलाई लामा म्हैसूरचे मुख्यमंत्री राहिलेल्या एस. निजलिंगप्पांचे नाव आजही कृतज्ञतेने घेतात. पुढे १९६६ साली हुबळीजवळच्या मुंडगोडला, मग हुणसूर आणि कोळ्ळेगाल भागात वसाहती झाल्या. महाराष्ट्रानेही १९७२ साली विदर्भात, आताच्या गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग वसाहतीला जागा दिली. वर्तमानपत्रांना तिबेटी म्हटले की थंडीतले स्वेटरवाले आठवतात, पण यांतले बहुतेक लोक पहिल्यांदा शेतकरी झाले. गुरे आणि सातू यांच्यावर जगलेल्या लोकांनी जंगल तोडले, मका लावला, आणि रात्री हत्ती येऊन पीक तुडवून गेले की पुन्हा लावला.

या वसाहतींत दोन प्रकारचे दवाखाने शेजारी शेजारी वाढले. बायलकुप्पे आणि मुंडगोडला आधुनिक रुग्णालये झाली, आणि मेन-त्सी-खांगमध्ये शिकलेले आमची शाखा-दवाखान्यांत बसू लागले. क्षयाला आमचींकडे उत्तर नव्हते. क्षयाचा जंतू प्रतिजैविकांनीच मरतो, तीही महिनोन्‌महिने न चुकता घेतली तर. धरमशालेत १९७१ साली सुरू झालेल्या डेलेक रुग्णालयाने ही लढाई पुढे नेली आणि अलीकडे शाळा-मठांतून तपासणीची मोहीम राबवली. निर्वासित समाजाने दोन्ही वैद्यके आपलीशी केली. संधिवात, अपचन, कावीळ, झोप न लागणे यांसाठी आमची. ताप उतरेना, थुंकीत रक्त दिसले की रुग्णालय. ही वाटणी कोणी फर्मान काढून केली नाही, अनुभवाने झाली, म्हणूनच ती टिकली.

बेंगळुरू या वसाहतींचे शहर आहे. दक्षिण भारतातल्या तिबेट्यांसाठी केंद्रीय तिबेटी प्रशासनाचे, म्हणजे निर्वासित सरकारचे, प्रतिनिधी-कार्यालय इथे आहे. वसाहतींतली मुले कॉलेजसाठी इथे येतात, अनेक तिबेटी मुली इथे नर्सिंग शिकल्या आणि रुग्णालयांत नोकरीला लागल्या. मेन-त्सी-खांगची शाखाही इथे आहे. मात्र शहरातल्या आमचीसमोर जो रुग्ण येतो तो मुख्यत्वे तिबेटी नसतो. कन्नड, तमीळ, तेलुगू, हिंदी, मराठी बोलणारी माणसे तिथे येतात: मधुमेहाची, सोरायसिसची, सांधेदुखीची, आणि कर्करोगाची फाइल काखेत घेतलेली. एका समाजासाठी उभारलेली सेवा दुसऱ्या समाजाच्या दारात अशी पोचली.

तपासणीची रीत धोंडेनांनी शिकवली तीच आहे. वैद्य रुग्णाच्या मनगटावर तर्जनी, मधले बोट आणि अनामिका ठेवतो. बोटे एकमेकांना चिकटू द्यायची नाहीत, मध्ये तांदळाच्या दाण्याएवढी फट राहावी. दाबही तिन्ही बोटांचा सारखा नसतो. तर्जनीने फक्त कातडी जाणवेल इतका, मधल्या बोटाने मांसापर्यंत, अनामिकेने हाडापर्यंत. प्रत्येक बोटाच्या टोकाचे दोन भाग धरले जातात, दोन हातांची मिळून सहा बोटे, म्हणजे बारा जागा, आणि प्रत्येक जागा एका अवयवाची. ठोके मोजायला घड्याळ लागत नाही. वैद्याच्या स्वतःच्या एका श्वासोच्छ्वासात पाच ठोके पडले तर नाडी निरोगी. म्हणून आधी वैद्याचा श्वास शांत हवा. आदर्श वेळ पहाटेची, सूर्य उगवला आहे पण किरण अजून टेकडीवर पडलेले नाहीत अशी. शहरातल्या दवाखान्यात हे पाळता येत नाही, पण बोट ठेवल्यावर वैद्य गप्प होतो आणि बराच वेळ गप्प राहतो, एवढे तरी उरले आहे.

दुसरी परीक्षा लघवीची. रुग्णाने सकाळची पहिली लघवी बाटलीत आणायची. आमची ती पांढऱ्या भांड्यात ओततो आणि काडीने जोरात घुसळतो. रंग, वाफ, वास, फेसाचे बुडबुडे लहान की मोठे, किती वेळ टिकतात, निवल्यावर तळाशी काय बसते, असे सगळे क्रमाने पाहतो. मग गोळ्या दिल्या जातात, तपकिरी, वाटोळ्या, सुपारीच्या खांडासारख्या टणक. त्या गिळायच्या नसतात. फोडून, चावून किंवा कुटून गरम पाण्याबरोबर घ्यायच्या, सकाळची वेगळी, दुपारची वेगळी, रात्रीची वेगळी. चव इतकी कडू की पहिल्या दिवशी तोंड धुवावेसे वाटते. आहाराची आणि वागण्याची पथ्ये औषधाच्या आधी सांगितली जातात, कारण ग्रंथातला क्रम तोच आहे: आधी आहार, मग विहार, मग औषध आणि सर्वांत शेवटी बाह्य उपचार.

ही पद्धत पाश्चात्त्य जगात पोचली ती धोंडेनांमुळे. १९७०च्या दशकात ते अमेरिकेला गेले तेव्हा येल विद्यापीठातले शल्यविशारद रिचर्ड सेल्झर यांनी त्यांना एक रुग्ण तपासताना पाहिले आणि १९७६ सालच्या ‘मॉर्टल लेसन्स’ या पुस्तकात त्यावर लिहिले. धोंडेनांनी त्या बाईला एकही प्रश्न विचारला नाही. बराच वेळ नाडी धरली, लघवी घुसळून तिचा वास घेतला, आणि दुभाष्यामार्फत हृदयाच्या कप्प्यांमधल्या वाऱ्याबद्दल बोलले. तिला जन्मतः हृदयाच्या कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र होते, हे डॉक्टरांना आधीच ठाऊक होते. हा प्रसंग जगभर सांगितला जातो. मात्र तो एका लेखकाने एकदा पाहिलेला प्रसंग आहे, त्यातून नाडीपरीक्षा सिद्ध होत नाही. सेल्झर यांना खरे भारावून टाकले ते वैद्याच्या लक्ष देण्याने, आणि तेवढे मान्य करायला कोणत्याही पुराव्याची गरज नाही. पुढे धोंडेनांनी अमेरिकेत व्याख्याने दिली, त्यांवरून १९८६ साली ‘हेल्थ थ्रू बॅलन्स’ हे पुस्तक झाले.

धरमशालेतल्या मॅक्लिऑडगंजच्या त्यांच्या खाजगी दवाखान्यात देशभरातून कर्करोगाचे रुग्ण येत. टोकनसाठी पहाटेपासून रांग लागे. इथे स्पष्टच लिहिले पाहिजे. तिबेटी औषधांनी कर्करोग बरा होतो याला भक्कम पुरावा नाही. धोंडेन स्वतः सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या स्तनाच्या कर्करोगावरील चाचणीत सहभागी झाले, आपले औषध तपासून घ्यायला तयार झाले, हे त्यांच्या बाजूने मोठे आहे. पण त्या चाचणीतली रुग्णसंख्या फार थोडी होती. ‘रिन्चेन’ म्हणजे रत्नगोळ्यांमध्ये शोधन केलेला पारा असतो, त्यावरही आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पहिल्या टप्प्यातली गाठ शस्त्रक्रियेने निघण्यासारखी असताना कोणी गोळ्यांवर वर्ष घालवले तर नुकसान भरून येत नाही. वैद्याचा आदर करताना रुग्णाला हे सांगणे हाही सेवेचाच भाग आहे.

धोंडेन एकटे नव्हते. डॉ. लोब्सांग डोल्मा खांगकर १९५९ साली आल्या, आणि १९७०च्या दशकात मेन-त्सी-खांगच्या मुख्य वैद्य झाल्या. या पदावर त्याआधी स्त्री बसली नव्हती. डॉ. तेन्झिन चोद्राक यांनी चिनी तुरुंगांत आणि श्रमछावण्यांत वीसहून जास्त वर्षे काढली, १९८० साली ते भारतात आले आणि दलाई लामांचे ज्येष्ठ वैद्य झाले. रत्नगोळ्यांसाठी लागणारे पारदशोधन त्यांच्यामुळे परत सुरू झाले. नष्ट झालेल्या चाकपोरीचे नाव त्रोगावा रिन्पोचे यांनी १९९२ साली दार्जिलिंगला पुन्हा लावले.

निर्वासित डॉक्टर ही विसाव्या शतकाने जगाला वारंवार दाखवलेली व्यक्ती आहे. १९७५च्या एप्रिलअखेर सायगाव पडल्यावर व्हिएतनामी डॉक्टर अमेरिकेत, फ्रान्समध्ये, ऑस्ट्रेलियात गेले. त्यांच्या पदव्या परक्या ठरल्या. पुन्हा परीक्षा देऊन त्यांनी परवाने मिळवले आणि आपल्याच माणसांच्या वस्त्यांत दवाखाने थाटले. तिबेटी आमचींची अडचण आणखी मूलभूत होती. त्यांचे शास्त्रच कायद्याला माहीत नव्हते. ते काम करत होते, रुग्ण येत होते, पण भारताच्या मान्यताप्राप्त चिकित्सापद्धतींत या विद्येचे नाव नव्हते. १९५१च्या निर्वासित करारावर भारताची सही नसल्याने वैद्याची स्वतःची ओळखही नोंदणीपत्रावर चालते, आणि ते पुन्हापुन्हा नूतनीकरण करून घ्यावे लागते. लडाख, स्पिती, सिक्कीम इथले पिढीजात भारतीय आमचीही या अमान्यतेत होरपळले होते, आणि मान्यतेच्या मागणीत त्यांचा आवाजही होताच. २०१० साली संसदेने भारतीय वैद्यक केंद्रीय परिषदेच्या कायद्यात दुरुस्ती करून ‘सोवा रिग्पा’ या नावाने हे शास्त्र मान्य केले. आयुर्वेद, सिद्ध आणि युनानीच्या पंगतीत ते बसले.

आज मेन-त्सी-खांगचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा, त्यावर एक वर्ष अनुभवी वैद्याच्या हाताखाली. चार तंत्रांपैकी तीन अजूनही मुखोद्गत करावी लागतात. विद्यार्थ्यांत बायलकुप्पे-मुंडगोडला जन्मलेली मुले-मुली आहेत, ज्यांनी तिबेट पाहिलेला नाही. त्यांच्यापैकी कोणाची नेमणूक दक्षिणेत होते, कोणाची मुंबईच्या शाखेत, आणि जिथे शाखा नाही तिथे फिरत्या शिबिरांतून काम चालते.

येशी धोंडेन यांनी पद्मश्रीनंतरच्या वर्षी, एप्रिल २०१९ मध्ये, वयामुळे रुग्ण तपासणे थांबवले. २० नोव्हेंबर २०१९ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने लेह इथे राष्ट्रीय सोवा रिग्पा संस्था स्थापण्यास मंजुरी दिली. त्यानंतर सहाव्या दिवशी, २६ नोव्हेंबरला, धरमशालेत त्यांचे निधन झाले. ते ९२ वर्षांचे होते.